समोर तोंड करून

बारक्या हे नाव त्याला पाळण्यात असतानाच चिकटलं होतं. साठी जवळ आली, वजनाचा काटा नव्वदच्या पुढे सरकला, तरी ते सुटलं नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं माणूस मात्र आता एकच उरलं होतं, त्याची थोरली बहीण. बाकी सगळे त्याला केमिस्टसाहेब म्हणत. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की, ताईचा दातांचा दवाखाना. मधली तक्तपोशी अशी पातळ की वरचं सगळं खाली ऐकू यायचं. वर कुणी कळवळलं की बारक्या खाली दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर तयार ठेवायचा. पेशंट गाल धरून खाली येईपर्यंत बिलसुद्धा झालेलं असायचं.

गोल्फचं वेड घरात आणलं ते ताईनंच. तिच्या एका म्हाताऱ्या पेशंटनं, कवळी नीट बसल्याच्या आनंदात, तिला पाण्याच्या टाकीमागच्या सार्वजनिक मैदानावर नेलं. नऊ होलांचं, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ भोकांचं, साधंसुधं मैदान. कडेला एक पत्र्याची शेड, शेडमध्ये बाकडी आणि चहाचं मशीन, हाच काय तो क्लब. ताईनं पहिल्याच दिवशी भुई इतक्या ठिकाणी खणली की मैदानाच्या माळ्यानं तिला "बाई, इथं काही लावायचंय का?" असं विचारलं. पण ती हट्टाला पेटली. पुढच्याच रविवारी बारक्यालाही झोपेतून ओढून घेऊन गेली, आणि तेव्हापासून भावंडांचा रविवार त्या टाकीमागेच जाऊ लागला.

लांबचे फटके ताईला कधीच फारसे जमले नाहीत. तिची खरी करामत दिसायची ती शेवटच्या टप्प्यात. तिथं गवत गालिच्यासारखं बारीक कापलेलं असतं, त्याला ग्रीन म्हणतात. त्यात एक वाटीएवढं भोक असतं, आणि पटर नावाच्या चपट्या डोक्याच्या काठीनं चेंडू हलकेच ढकलून त्या भोकात घालायचा असतो. या ढकलण्याला पट म्हणतात. भल्याभल्यांचा घाम काढणारं काम. ताईला ते जन्मजात येत असावं असं वाटायचं. चेंडूच्या बाजूला आडवं उभं राहायचं, मान वळवून एकदा भोकाकडे बघायचं आणि टक्. चेंडू शहाण्या मुलासारखा आत. शेडमध्ये लोक म्हणत, "डॉक्टरीणबाईंना भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय चैन पडत नाही."

क्लबात दरवर्षी जोडीचा सामना व्हायचा. दोघांत चेंडू एकच. एक फटका याचा, पुढचा तिचा. बारक्याच्या अंगात ताकद आणि ताईच्या बोटांत जादू, त्यामुळे ही जोडी बरेचदा बाजी मारून जायची. हरलेले म्हणायचे, "आईनं दोघांना मिळून एकच गोल्फर जन्माला घातलाय." बारक्याला हे खरंच वाटायचं, आणि त्याचं त्याला काही वाईटही वाटायचं नाही.

मग एके दिवशी ताईनं दवाखाना बंद केला. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला. किती वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बघू?" जावई डॉक्टर नाही, मुलगी परदेशी, तेव्हा दवाखाना चालवायला पुढे कुणी नव्हतंच. लोक हळहळले आणि पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊ लागले. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, तर आनंदच झाला. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन घरात एकटेच कोडी सोडवत बसायचे. "आता आडव्या शब्दांना मी आहे, उभ्या शब्दांना ही आहे," म्हणाले.

त्याच वर्षी मैदानावर ते पहिल्यांदा घडलं. चेंडू भोकापासून जेमतेम दीड हातावर. ताईनं कितीतरी वेळा एका हातानं, बोलता बोलता घातला असेल असा. ती उभी राहिली, पटर मागे नेला, आणि चेंडूला लागायच्या क्षणी तिच्या उजव्या हाताला झटका बसला. विजेचा धक्का बसावा तसा. चेंडू भोकाच्या बाजूनं सुसाट निघून गेला. ताई हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता आणि चुकून तिच्या बाहीत आला होता.

"वाऱ्यानं गेला," बारक्या म्हणाला.

"वारा कुठाय?" ताई म्हणाली.

पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी दोनदा. लांबून मारताना हात ठीक असायचा. भोक जवळ आलं, आता चुकायला काही वाव नाही असं झालं, की मनगट उडायचं. असं खेळाडूंना होतं. त्याला नाव आहे, पण शेडमध्ये ते कुणी उच्चारत नसे, बोलल्यानं लागेल की काय अशी भीती. नाव सोडून बाकी सगळं मात्र लोक बोलायचे. कुणी म्हणालं श्वास धरा, कुणी म्हणालं सोडा. कुणी जाड मुठीचा पटर आणून दिला. ठेकेदार म्हणून एक जण होता, घरं बांधायचा, त्यानं सांगितलं की पटाच्या वेळी पाढे म्हणा. ताईनं पाढे म्हणून पाहिले. हात सात सक्कं बेचाळीसला उडाला.

बारक्याला हे बघवेना. त्यानं मनातल्या मनात एक तोड काढली. एक फटका त्याचा आणि एक तिचा, म्हणजे त्यानं लांबून मारलेला चेंडू भोकाजवळ थांबला तर जवळचा पट ताईच्या वाट्याला येणार. मग तो मुद्दाम चेंडू लांबच सोडू लागला. सात-आठ हातांवर थांबवायचा, तिथून ताई मारायची, आणि उरलेला वीतभर पट आपण घालायचा. एखाद-दुसरा फटका वाया जायचा, पण बहिणीची अब्रू राहायची. काही रविवार हे चाललं. मग एकदा, सपाट ग्रीनवरून अगदी सोपा चेंडू त्यानं भलताच अलीकडे थांबवला, तेव्हा ताईनं पटर बगलेत मारला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"बारक्या, हे कधीपासून चाललंय?"

"काय गं?"

"हेच. मला लहान मुलासारखं खेळवतोयस ते."

"छे गं. हात जड पडला माझा."

"तुझा हात जड पडला की चेंडू टाकीवर जातो. अलीकडे नाही थांबत." ती चालत चेंडूपाशी गेली. "पुन्हा असं केलंस तर दुसरा जोडीदार बघ. मला हरायला चालतं. माझ्यावाटचं हरायला दे म्हणजे झालं."

बारक्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी परतताना गाडीत बारक्याला वाटलं, संपलं आता. ही एकदा गोष्ट सोडायची ठरवली की मागे वळून बघत नाही. दवाखानाही असाच एका दिवसात सोडला होता.

त्यानंतर एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्याला डोक्यावरून आवाज आला. टक्. मग काहीतरी गडगडत गेलं. थोड्या वेळानं पुन्हा टक्. वरचा दवाखाना तर बंद होता. उंदीर इतका शिस्तीत वाजत नाही. बारक्यानं दुकानातल्या पोऱ्यावर गल्ला सोपवला आणि जिना चढला.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंट बसायचे तिथं, खुर्च्या भिंतीला सरकवून ठेवल्या होत्या. जमिनीवर पायपुसण्याच्या हिरव्या कापडाची लांब पट्टी. तिच्या टोकाला चूळ भरायचा एक पेला आडवा ठेवलेला. आणि ताई त्या पेल्याकडे सरळ तोंड करून उभी होती. बाजूला आडवी नव्हती. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटल्यावर आपण त्याच्यासमोर उभं राहतो तशी. पटर नेहमीपेक्षा लांब होता. त्याचं वरचं टोक डाव्या हाताच्या मुठीत छातीपासून जरा पुढे धरलेलं, उजवा हात खाली दांड्यावर सैल सोडलेला. तिनं उजवा हात मागे नेला आणि पुढे आणला, पाळण्याला झोका द्यावा तसा. चेंडू सरळ पेल्यात.

"हे काय गं नवीन?" बारक्या दारातूनच म्हणाला.

"ये, बस. चपला काढ, पट्टी मळेल." ताईनं मान वर केली नाही. "परवा तुझ्या भाऊजींनी कोड्याचा कागद चुरगाळून फेकायला दिला. मी खुर्चीतून केराच्या डब्यात टाकला. बरोबर आत पडला. मग माझ्या डोक्यात आलं, डब्यात बोळा टाकताना आपण आडवे उभे राहून मान वाकडी करतो का रे?"

"नाही."

"दगड मारताना? चमचा तोंडात घालताना? जगात सगळी कामं माणूस त्या वस्तूकडे तोंड करून करतो. मीही जन्मभर दाताकडे तोंड करूनच काम केलं. या एका खेळातच बाजूला उभं राहून तिरक्या नजरेनं बघायचं. मग म्हटलं, समोर उभं राहून बघू. हाताला कळतच नाही की हा पट आहे. त्याला वाटतं आपण नुसता झोका देतोय."

"म्हणजे हाताला फसवायचं?"

"त्यानं मला फसवलं. फिट्टंफाट."

बारक्या भिंतीकडच्या एका खुर्चीवर टेकला. आतल्या खोलीत पेशंटची ती मोठी खुर्ची पांढऱ्या चादरीखाली झाकलेली दिसत होती. ताईनं चेंडू गोळा केले, पटर भिंतीला टेकवला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "कंटाळा वगैरे काही आला नव्हता मला. एका आजोबांची दाढ साफ करत होते. हत्यार बाहेर काढताना हाताला झटका बसला. गालाला आतून जरासा ओरखडा गेला. थेंबभर रक्त. त्यांना कळलंसुद्धा नाही, चूळ भरली आणि आभार मानून गेले. मला कळलं ना पण. संध्याकाळी बसून एकेका पेशंटला फोन केला, दवाखाना बंद म्हणून."

"ताई, एवढं झालं आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू गोळ्या आणून दिल्या असत्यास." ती हसली. "तपासून घेतलं सगळं. मोठा आजार काही नाही. वय आहे, जन्मभर तेच बारीक काम केल्याचा ताण आहे. नेमकं काम असलं की हात दगा देतो, बाकी वेळी शहाण्यासारखा वागतो."

इतकी वर्षं या तक्तपोशीखाली बसून तो वरचं सगळं ऐकत आला होता, आणि एवढी मोठी गोष्ट त्याला ऐकू आली नव्हती.

पुढच्या रविवारी ताई लांब पटर घेऊन मैदानावर गेली. पहिल्या ग्रीनवर चेंडूमागे जाऊन ती भोकाकडे तोंड करून उभी राहिली, एक पाय चेंडूच्या इकडे आणि एक तिकडे, आणि झोका दिला. शेडजवळ बसलेल्यांत हशा पिकला. ठेकेदार ओरडला, "डॉक्टरबाई, झाडून झालं की पोछाही मारा!"

जज्जसाहेब मात्र हसले नाहीत. निवृत्त न्यायाधीश. मैदानावर नियमांचं बारकं पुस्तक खिशात घेऊन फिरणारे. ते काठी टेकत ग्रीनपर्यंत आले.

"डॉक्टरीणबाई, चेंडू जायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पट मारता येत नाही. नियमात बसत नाही."

"असं होय?" ताई म्हणाली. "मग दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवले तर?"

जज्जसाहेबांनी पुस्तक काढलं, चष्मा बदलला, पान शोधलं. "तसं चालेल. पटरचा दांडा अगदी उभा नको, थोडा कललेला हवा. आणि मूठ अंगाला टेकवायची नाही."

"टेकवत नाही. कललेलाही आहे."

"मग हरकत घेता येत नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "पण शोभत नाही, हे सांगितलं पाहिजे."

"शोभेचा नियम कितव्या पानावर आहे?" ताईनं इतक्या सरळपणे विचारलं की जज्जसाहेबांनी क्षणभर खरंच पुस्तक उघडलं.

आणि ती पुन्हा मुळापासून शिकू लागली. दोन्ही पाय डावीकडे, चेंडू उजव्या पायाच्या बाहेर, अंग किंचित त्या बाजूला झुकलेलं. पहिले काही महिने हाल कुत्रं खाईना. जवळचे चेंडू सरळ जायचे, पण लांबचा अंदाज पार बिघडला. कधी चेंडू अर्ध्या वाटेत दमून बसायचा, कधी ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जायचा. कालपर्यंत जिच्याकडे लोक पट शिकायला यायचे, तिचा चेंडू आज नवशिक्या पोरांच्या मागे पडायचा. लोक थांबून बघायचे. काही जण दया दाखवायचे, ते तर हसण्याहून वाईट. ताई दर वेळी तशीच समोर उभी राहायची, चुकलेला चेंडू जाऊन उचलायची आणि कुठे चुकलं ते स्वतःशी पुटपुटायची.

बारक्याला लाज वाटत होती. तिची की स्वतःची, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जोडीच्या सामन्याची नावं द्यायची वेळ आली तेव्हा तो वर गेला आणि आडवळणानं सुरुवात केली. "ताई, या वर्षी गुडघा जरा कुरकुरतोय माझा."

"कुठला?"

बारक्यानं एकाला हात लावला आणि मग घाईनं दुसऱ्याला.

"सरळ बोल," ताई म्हणाली.

"सगळ्यांसमोर कशाला, असं वाटतं गं. तुझं इतकं नाव होतं. दवाखाना जसा मानानं सोडलास..."

ताईनं पटर खाली ठेवला. "तिथं दुसऱ्याच्या तोंडाचा प्रश्न होता, बारक्या. तिथं मला चुकायचा हक्क नव्हता, म्हणून सोडला. इथं फार तर काय होईल? माझंच तोंड दिसेल, हसं होईल. ते तर पासष्टीपर्यंत लोकांनी पाहिलेलंच आहे." ती थांबली. "दोन्ही गोष्टी एकाच हातानं घालवायच्या का मी?"

बारक्या खाली उतरला आणि फोन करून दोघांची नावं दिली. जिन्यातच त्याच्या मनानं घेतलं होतं की हरलो तर हरलो, पण या बाईच्या बाजूला उभं राहायला मिळतंय, हे काही कमी नाही.

सामन्यात ती दोघं कशी कोण जाणे, पण शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. पहिल्या फेरीत समोर आलेल्या नवरा-बायकोचं वाटेतच भांडण जुंपलं आणि ती दोघं दोन दिशांना घरी गेली. दुसऱ्या जोडीला मात्र यांनी खरंच हरवलं, आणि त्या दिवशी ताईनं लांबचे दोन पट असे जवळ आणून ठेवले की बारक्या चेंडूकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिला. दवाखान्यातली ती हिरवी पट्टी तिनं एव्हाना झिजवून पांढरी केली होती.

शेवटची फेरी जज्जसाहेब आणि ठेकेदार या जोडीशी होती. कमी फटक्यांत घालेल त्याचा होल, आणि एक होल यांचा, एक त्यांचा, असं चाललं होतं. सातव्या होलवर ताईला उतारावरचा पट आला. चेंडू वळत जाणार होता, त्यामुळे उभं राहायची जागा अवघड. तिनं वाकून रेषा पाहिली, पाय सारखे केले, पटर टेकवला.

"थांबा!" ठेकेदार ओरडला. "पाय रेषेवर आहे. हरकत आहे माझी."

बारक्याच्या डोक्यात सणक गेली. "अहो, इतके दिवस झाडू-पोछा म्हणून झालं, आता..."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. ती होती तशीच उभी राहिली, पाय तसूभरही न हलवता. "बघून घ्या."

जज्जसाहेब पुढे आले. स्वतःच्याच जोडीदाराची हरकत, आणि ती मान्य झाली असती तर होल त्यांचाच. त्यांनी काठी बारक्याच्या हातात दिली आणि हळूहळू, एक गुडघा, मग दुसरा, असे ग्रीनवर खाली बसले. गाल जवळजवळ गवताला लावून त्यांनी चेंडूपासून भोकापर्यंत नजर नेली, मग ताईच्या बुटांकडे आणली. बराच वेळ पाहिलं.

"दोन्ही पाय एका बाजूला आहेत," ते जमिनीवरूनच म्हणाले. "रेषा मोकळी आहे. डॉक्टरीणबाई, तुम्ही खेळा." मग ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही मला उठवा."

ताईनं झोका दिला. चेंडू उतारावरून वळसा घेत गेला आणि भोकात पडला. जज्जसाहेब अजून एका गुडघ्यावरच होते. त्यांनी तिथूनच दोनदा टाळी वाजवली, आणि त्या गडबडीत ठेकेदाराच्या हातून निसटून पुन्हा खाली बसले.

नवव्या होलवर आले तेव्हा बरोबरी होती. शेडमधली झाडून सगळी माणसं ग्रीनभोवती येऊन उभी होती. भाऊजीसुद्धा कोडं घरी ठेवून आले होते. जज्जसाहेबांच्या जोडीनं तीन फटक्यांत होल संपवला. ताईचा पहिला फटका ग्रीनच्या कडेला पडला होता. दुसरा बारक्याचा. त्यानं घातला तर जिंकलेच. नाही तर जिथं थांबेल तिथून ताई. बारक्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. त्यानं काहीही न लपवता, जीव ओतून चेंडू मारला. तो भोकाच्या कडेला स्पर्शून पुढे गेला आणि थांबला. दीड हातावर.

असल्याच एका पटावर ताईचा हात पहिल्यांदा उडाला होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ताई चेंडूपाशी गेली. भोकाकडे तोंड केलं. त्या क्षणी बारक्याला ती फार उंच वाटली. एवढी माणसं समोर, पण ती मान खाली घालून कुठं आडोसा शोधत नव्हती. भोकाकडे, माणसांकडे, सगळ्यांकडे तिचा चेहरा उघडा होता.

हात मागे गेला, पुढे आला. चेंडू निघाला तो चांगलाच जोरात. भोकाच्या मागच्या कडेवर आपटला, वीतभर वर उडाला, आणि खाली येऊन आत बसला.

जो काही आरडाओरडा झाला, तो टाकीपर्यंत घुमला. "काय छाती आहे!" ठेकेदार म्हणाला, आणि या वेळी त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. "एवढ्या दडपणात असा ठणकावून मारायचा! आम्ही असतो तर फुंकर घालत बसलो असतो."

बरोबरी सुटली नव्हती, म्हणून एक होल जादा खेळायचा होता. तो खेळला गेला, आणि तिथं ताईनं लांबून मारलेला चेंडू इतका सुंदर येऊन टेकला की बारक्याला फक्त हातभर ढकलायचा होता. घातला की पुन्हा बरोबरी. बारक्या रीतीप्रमाणे बाजूला आडवा उभा राहिला. मान वळवून भोकाकडे पाहिलं. कसा कोण जाणे, पण चेंडू भोकाला वळसा घालून शेजारी जाऊन बसला, पाहुणा दारातून परत फिरावा तसा. सामना गेला.

बारक्याला धरणी दुभंगावी असं झालं. ताई त्याच्याकडे आली. त्याला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "बरं झालं बाई. माझ्यामुळे हरलो असतो तर तू वर्षभर माझी समजूत घातली असतीस." आणि ती इतकी हसली की भाऊजींनाही हसू आवरेना. जज्जसाहेबांनी हात मिळवताना तिला पटर मागितला, दोन्ही हातांत धरून वरखाली पाहिला आणि म्हणाले, "शोभत नाही असं मी म्हणालो होतो. तो निकाल मी मागे घेतो." तेवढंच बोलून ते चहाच्या मशीनकडे निघून गेले.

परतताना गाडी बारक्याच चालवत होता. भाऊजी मागच्या सीटवर लवंडले होते. बराच वेळ बारक्या तोच तो पट मनात घोळवत होता. आपला चुकलेला नाही, ताईचा.

"ताई, खरं सांगू का? मी कितीतरी खेळाडू बघितले. पण तसा पट कुणी मारला नसता. भोकाच्या मागच्या कडेवर, नेम धरून. कुठून आणलीस गं एवढी हिंमत?"

ताई खिडकीबाहेर बघत होती. "हिंमत कसली रे? झटका होता तो."

बारक्यानं गाडी जवळजवळ फुटपाथवर घातली. "काय?"

"हात उडाला. नेहमीसारखाच. दीड हात दिसला की तो उडणारच, कधी थांबेल असं वाटत नाही मला." ती अगदी शांतपणे बोलत होती, पेशंटला दाढेबद्दल समजावून सांगावं तशी. "आडवी उभी असते ना, तेव्हा झटका आला की पटर फिरतो आणि चेंडू बाजूला जातो. समोर उभी असले की झटका समोरच जातो. चेंडू जोरात जातो, पण सरळ जातो. वरच्या खोलीत महिनोन्‌महिने हेच तर बसवत होते मी. हात बरा व्हायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तो उडाला तरी भोकाकडेच उडेल, एवढीच सोय केली."

मागून भाऊजी झोपेतच म्हणाले, "उभा शब्द, चार अक्षरी." कुणी लक्ष दिलं नाही.

बारक्या रस्त्याकडे बघत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या धाडसाला, आणि धाडस तर होतंच. पण ते त्या पटाच्या क्षणातलं नव्हतं. ते त्याच्या कितीतरी आधीचं, रोज दुपारी वरच्या बंद खोलीत, चादरीखालच्या खुर्चीशेजारी एकटीनं केलेलं. आपला हात आता असाच राहणार, हे कबूल करून त्याच हातानं पुन्हा खेळायला निघायचं, हे आपल्याच्यानं झालं नसतं, असं त्याला वाटलं. तो उगाच आरसा नीट करू लागला.

"लांबचे अजून नीट होत नाहीत," ताई म्हणाली. "उद्या दुपारी दुकान रिकामं असलं की वर ये. तू चेंडू अडव. आणि आता कुठंतरी थांबव गाडी, भुकेनं जीव चाललाय माझा."